बेटावरचा लाल स्टुगा: एक अख्खा उन्हाळा राहून झाल्यावर (आणि बोअरच्या पाण्याबद्दल जरा जास्तच)

घराला पाचपैकी साडेचार. बाहेरच्या संडासाला पाचपैकी पाच, चेष्टा नाही. बोअरवेलला शून्य.

स्टॉकहोममधली आपली मंडळी दर मार्चमध्ये विचारतात, उन्हाळ्यासाठी बेटावरचा स्टुगा (म्हणजे सुट्टीसाठीचं छोटं लाकडी घर) भाड्याने घ्यावा का? आम्ही मे ते सप्टेंबर असा पूर्ण मोसम घेतला होता, म्हणून सविस्तर लिहितो. दोन खोल्या, लाकडावरची चूल, समुद्राकडे तोंड केलेला ओटा, धक्का, होडीघर, हे सगळं जाहिरातीत असतंच आणि फोटोही सगळ्यांचे सारखेच असतात, त्यात वेळ घालवत नाही. बेटाचं नावही देत नाही. मालक आजोबांना उगाच फोन नकोत. स्टॉकहोमजवळच्या म्यॉया बेटाच्या बाजूला आहे, एवढं पुरे.

लिहायला निमित्त पाण्याचं. जुलैच्या मध्यावर गरम पाण्याच्या हीटरची कॉइल गेली आणि जाताना घरभराची वीज घेऊन गेली. ब्रेकर वर केला की पुन्हा खाली. त्यातून सावरतोय तोच पंपाचा प्रेशर स्विच चिकटला, पंप सुरू झाला तो थांबेना. उघडून पाहिलं तर आत हिरवट पांढरा थर. मिठाने पितळ खाल्लं होतं. तसा अंदाज आधीपासून येत होता. जून संपेपर्यंत चहा मचूळ लागायला लागला होता आणि वरणात मीठ घालायचं की नाही हे नळ ठरवत होता. पाण्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) लीटरला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जिभेला कळतं. धातूला त्याच्या बऱ्याच आधी कळतं.

प्लंबरला फोन लावायला घेतले. सगळीकडे एकच रेकॉर्ड केलेला निरोप: आम्ही सुट्टीवर आहोत, ऑगस्टमध्ये भेटू. इथल्या कायद्याने नोकरदाराला जून ते ऑगस्टच्या दरम्यान सलग चार आठवडे सुट्टी मिळते, आणि बहुतेक देश ती जुलैतच घेतो. स्वीडनमध्ये सुट्टीसाठीची घरं सुमारे सहा लाख. आमचा प्लंबर त्यातल्याच एका घराच्या ओट्यावर बसून कॉफी पीत असणार, आणि त्याच्या घरचं पाणी गोड असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी एक जण आला. त्याच्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा स्विचचा नव्हता, कॉइलचाही नव्हता. बोटीने येण्या-जाण्याच्या वेळेचा होता. इथे एक मेख आहे, ती लक्षात ठेवा. घरदुरुस्तीच्या मजुरीवर जी रोट नावाची करसवलत मिळते ती घरमालकाला मिळते, भाडेकरूला नाही. आणि मालकाला मिळाली तरी मजुरीवरच, प्रवासखर्चावर नाही. म्हणजे बेटावर नेमकं जे महाग, तेच सवलतीच्या बाहेर.

आता बिल कोणी भरायचं यावरून आजोबांशी जुंपली. त्यांचं म्हणणं एकच: "तुम्ही पाणी फार वापरता." मी म्हटलं, आम्ही बादलीने अंघोळ करणारी माणसं, शॉवरखाली पंधरा मिनिटं उभी राहणारी नव्हे. त्यावर ते म्हणाले, "अंघोळीला समुद्र आहे की." हा माणूस ऐंशीच्या पुढे आहे आणि खरोखरच रोज सकाळी समुद्रात उतरतो, त्यामुळे पुढे काही बोलता येईना. मग त्यांनी घराची वही काढून दाखवली. पुराव्यासाठी काढली होती, पण त्या वहीमुळे माझं या घराबद्दलचं मत बरंच बदललं. भांडण आपल्या जागी राहिलं.

इथल्या सुट्टीच्या घरांतून अशी वही असते. कोण आलं, कोण गेलं, हवा कशी होती, मासा कुठला लागला. या घराची वही आजोबांच्या वडिलांनी सुरू केली. ते स्टॉकहोमच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. बेटांवर उन्हाळ्यात राहायला येणं ही त्यांच्या आधीच्या पिढीपर्यंत श्रीमंतांची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी सुरू झाल्या (वॅक्सहोल्म कंपनीच्या पांढऱ्या बोटी १८६९ पासूनच्या), तेव्हा व्यापारी आणि बडे अधिकारी मोलकरणी, पलंग आणि कधीकधी पियानोसकट वॅक्सहोल्मला, डालार्यला जायचे. नक्षीदार व्हरांड्यांचे ते बंगले आजही बोटीतून दिसतात. कंपोझिटरचं काम तिथे नव्हतं. १९३८ साली स्वीडनमध्ये दोन आठवड्यांच्या पगारी सुट्टीचा कायदा झाला आणि त्यानंतर शहरातला कामगार हातोडी-करवत घेऊन बेटांवर उतरला. आजोबांच्या वडिलांनी एका मासेमाराच्या गुरांच्या कुरणाचा तुकडा घेतला. स्वस्त मिळाला, कारण माती कमी आणि कातळ जास्त. घराची अर्धी लाकडं पाडलेल्या गोठ्याची आहेत, आतल्या खोलीच्या तुळईवर अजून दोर घासल्याच्या खुणा आहेत.

घर बांधायच्या आधी त्यांनी विहीर खणली. कातळाच्या दोन उंचवट्यांमधल्या चिकणमातीच्या खोलगटात, पुरुष-दीड पुरुष खोल, दगडांनी बांधलेली, वर लाकडी झाकण. ती दोन आठवड्यांच्या हिशेबाची विहीर होती. दोन मोठी माणसं, दोन मुलं, पोहऱ्याने उपसा. वहीत दर उन्हाळ्याच्या पहिल्या ओळीत विहिरीचं पाणी किती हात आहे ते लिहिलेलं असायचं, हवामान त्याच्या नंतर.

मग सुट्टी वाढत गेली. १९५१ ला तीन आठवडे, १९६३ ला चार, १९७८ ला पाच. वही वाचताना हे कायदे डोळ्यांना दिसतात, कारण नोंदींची पानं त्याच वर्षांच्या आसपास जाड होत जातात. मध्येच समुद्राखालून विजेची तार आली. १९७९ ला परवानगीशिवाय दहा चौरस मीटरची खोली बांधायची मुभा मिळाली (त्या वेळच्या मंत्रीणबाईंच्या आडनावावरून लोक अशा खोलीला फ्रिग्गेबूद म्हणतात, २००८ ला मर्यादा पंधरा झाली), लगेच इथे मागे एक उभी राहिली. म्हणजे आणखी दोन खाटा, आणखी दोन माणसं, आणखी पाणी. जुन्या विहिरीला हे झेपेना, तेव्हा बोअर मारली. मग सिंक आलं, शॉवर आला, कपडे धुवायचं यंत्र आलं. आता माझ्यासारखे लोक येतात, जे लॅपटॉप घेऊन पाच महिने बसतात आणि वर पाण्याबद्दल तक्रार करतात.

आता मूळ दुखण्याकडे. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात आणि देशावर, पाणी नाही तर आणखी खोल जा, असा रिवाज. इथे तेच अंगाशी येतं. हा सगळा प्रदेश हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेला होता. बर्फ वितळलं आणि जमीन वर यायला लागली, ती अजून येतेच आहे. स्टॉकहोमच्या बाजूला वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर. म्हणजे आमचं बेट पूर्वी समुद्राच्या तळाशी होतं. त्यात साताठ हजार वर्षांपूर्वीचा इथला समुद्र आजच्यापेक्षा जास्त खारा होता. ते जुनं मीठ कातळाच्या खोल भेगांत अडकून बसलेलं आहे. वरच्या भेगांतून पावसाचं, बर्फाचं गोडं पाणी मुरतं, पण त्याचा साठा अगदी तुटपुंजा, कारण कातळाला पोट नसतं. जोरात उपसलं की गोडं संपतं आणि खालचं जुनं खारं वर चढतं, नाहीतर बाजूचं समुद्राचं आत शिरतं. बाल्टिकचं पाणी त्यातल्या त्यात सौम्य, इथे लीटरला सहा-सात ग्रॅम मीठ, तर अरबी समुद्रात पस्तीसच्या वर. नाहीतर चहाचं काय झालं असतं याची कल्पना करा.

जमीन वर येण्यावरून आणखी एक. जाहिरातीत "होडीघरासह" असं लिहिलेलं होतं. होडीघर आहे, पण पाण्यापासून इतकं मागे की होडी ओढत न्यायला लागते. ते बांधलं तेव्हा पाणी दारात असणार. समुद्राची पातळीही आता वाढते आहे, त्यामुळे फरक पूर्वीपेक्षा हळू पडतो. पण होडीघराचे पैसे भाड्यात धरले असतील, तर समुद्र परत येईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर.

संडास. घरापासून चाळीस पावलांवर, एक खिडकी, भिंतीवर राजघराण्याचे जुने फोटो. हे इथे सर्रास असतं, अपमान म्हणून नव्हे. वापर झाला की वर भुसा आणि पीट (दलदलीतली सुकवलेली माती) टाकायचं. त्याचं खत करायचं तर नगरपालिकेला आधी कळवावं लागतं आणि भरलेला कप्पा निदान वर्षभर बंद ठेवावा लागतो. सोनखत म्हणजे काय हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. वास नाही, बिघाड नाही, पंप नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाण्याचा थेंब लागत नाही. त्या घरातली ही एकमेव वस्तू, जी पहिल्या दिवशी होती तशीच आजही चालते.

गोचिडी. आहेत, भरपूर. टीबीईचं (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या मेंदूज्वराचं) इंजेक्शन मोसमाच्या बरंच आधी सुरू करा, त्याचे अनेक डोस असतात. रोज रात्री मुलांचे गुडघ्यांमागचे भाग तपासा. या विषयावर विनोद नको.

पोहणं. ऑगस्टमध्ये ऊन आणि वारा पडलेला असला की पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग येतो. त्यात पोहू नये, कुत्र्यालाही पाणी पिऊ देऊ नये. आमच्या ऐन सुट्टीतच आला.

मासे. इथला स्ट्रमिंग तारलीएवढा, रव्यात घोळवून लोखंडी तव्यावर तळला की प्रश्नच मिटतो. चुलीवर तवा नीट तापतो, तापायला वेळ मात्र घेतो.

लाकडाच्या शेडचं दार. हे कोणी विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते दार म्हणजे जुना लष्करी फलक आहे, अनेक भाषांत लिहिलेला, परदेशी माणसाने इथे परवानगीशिवाय थांबू नये असा. शीतयुद्धात या बेटांचा मोठा भाग लष्करी संरक्षित टापू होता आणि ही बंदी नव्वदच्या दशकापर्यंत चालली. मी त्या दाराला टेकून लाकडं फोडायचो. आजोबांना विचारलं, काढून का टाकत नाही? म्हणाले, "पत्रा चांगला आहे."

रंग. इथे मला अनपेक्षित आनंद झाला, आणि तो भाड्यात सूट मिळाल्यामुळेच झाला असं बायको म्हणते. समुद्राकडची भिंत रंगवून द्यायची, त्या बदल्यात भाडं कमी, असं ठरलं होतं. तो लाल रंग, ज्याने निम्मा स्वीडन रंगलेला दिसतो, फालूनच्या तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीतून येतो. खाण १९९२ ला बंद झाली, २००१ ला जागतिक वारसा यादीत गेली, माती अजून पुरते आहे. त्यात घालतात काय, तर पाणी, हिराकस, जवसाचं तेल आणि धान्याचं पीठ. पूर्वी घरोघरी मोठ्या भांड्यात शिजवत, आपल्याकडे खळ शिजवत तसा. गुळगुळीत रंधलेल्या फळीवर नीट बसत नाही, खडबडीत लाकूड लागतं. पोपडे धरत नाही, वर्षानुवर्षं भुकटी होऊन झिजतो. पुन्हा द्यायचा तर खरवडायचं नाही, कडक ब्रशने झाडायचं आणि वरून फासायचा. मजूर न लावता होणारं काम. टेकलात तर शर्टाच्या पाठीवर उमटतो, एवढी खोड. मुळात हा रंग श्रीमंतांनी लाकडी घर विटांचं दिसावं म्हणून लावायला सुरुवात केली आणि नंतर तो गरिबाच्या खोपटाचा रंग झाला. आता त्या खोपटांच्या किमती बघा. १९७५ पासून किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम सर्वसाधारणपणे बंद आहे, म्हणून पाण्याला लागून असलेलं जुनं मोडकं घरसुद्धा सोन्याच्या भावाने जातं.

(सप्टेंबरअखेरची भर.) वरचं बरंचसं जुलैत, चिडलेलो असताना लिहिलं. मग गुहागरहून आई आली. तिने पहिल्या दिवशी नळाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. दुसऱ्या दिवशी ती जुन्या विहिरीचं झाकण उघडून वाकलेली दिसली. आजोबांनी वापरू नका म्हणून सांगितलेलं होतं, "ती आता नुसती शोभेची." आईने बादलीला दोर बांधला. पाणी थोडं गढूळ, पण चव गोड. उपसून काढलं, तळ साफ केला, प्रयोगशाळेकडून बाटली मागवून तपासायला पाठवलं. जंतू थोडे निघाले, म्हणजे उकळून प्या. क्लोराइड मात्र नळाच्या पाण्यापुढे काहीच नाही.

आईला यात नवल वाटलं नाही. आमच्या वाडीतल्या विहिरीवर रहाट होता तोवर समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडं होतं. पंप बसला, शेजारच्या दोन वाड्यांतही बसला, आणि चैत्र-वैशाखात पोफळींची पानं कडेने करपायला लागली. वाळूच्या किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असली तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं मिळतं. म्हणून वरची पातळी हातभर उतरली तरी खालून खारं वीस मीटर चढतं. रहाटाने हातभर उतरत नाही. पंपाने एका दुपारी उतरते. इथल्या कातळात हाच ठोकताळा लागू नाही, पण खोड तीच.

त्यानंतर आम्ही चहा-स्वयंपाकाला विहीर, भांडी खंगाळायला समुद्र आणि नळ फक्त अंघोळीला, असं चालवलं. बोअर चालवण्याचा वेळ निम्म्याहून कमी केला. सप्टेंबरच्या पावसापर्यंत नळाचं पाणीही जरा निवळलं. हे मी आजोबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "विहिरीत पाणी किती हात आहे?" आईने काठी टाकून मोजलेलं होतं, ते सांगितलं. मागून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. बिलाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला: अर्धं अर्धं. बोटीच्या वेळेसकट. मी अर्ध्यावर तयार झालो, कारण पूर्ण मिळणार नाही हे दिसत होतं. त्यात विहीर साफ केल्याचे आईचे पैसे धरले नाहीत, तेवढं मात्र मला लागलं आहे.

पुढच्या वर्षी घेणार का? हो, पण मे ते जुलैचा मध्य एवढंच. बोअरला सगळ्यात जास्त ताण त्यानंतर पडतो, कारण तेव्हा बेटावरचं प्रत्येक घर भरलेलं असतं आणि सगळ्यांच्या बोअर त्याच कातळात उतरलेल्या. भाडंही कमी पडेल. ऑगस्टच्या मध्यानंतर बोटींच्या फेऱ्या कमी होतात, तेही एक.

तुम्ही घेणार असाल तर खोल्या, धक्का, इंटरनेट, सगळं नंतर बघा. आधी पाण्याच्या तपासणीचा कागद मागा आणि त्यावर क्लोराइडचा आकडा शोधा. आकडा चांगला दिसला म्हणून लगेच सही करू नका, नमुना कधी घेतला ती तारीख बघा. आमच्या कागदावर सगळं उत्तम होतं. तारीख एप्रिलची होती, बर्फ नुकतं वितळून कातळ काठोकाठ भरलेला आणि बेटावर कोणीच राहायला आलेलं नाही तेव्हाची.